रिपोर्ट नाही, तर औषध नाही

“म्हणजे चूक माझी? सात वेळा लिहून दिलं, सर. सात वेळा. तरी चूक माझीच?”

डॉ. चन्नवीर कोरेनं हातातला केसपेपर पलंगावर आपटला. समोर बसलेले गाजुल डॉक्टर शेंगा सोलत होते. आपटल्याच्या हादऱ्यानं दोन दाणे टोपलीबाहेर उडाले, तेवढे त्यांनी उचलून परत टाकले.

“कुठं लिहिलंस?”

“हे काय. दर दीड वर्षानं एकदा. ‘लघवी तपासणे. रक्तातलं क्रिएटिनिन करणे.’ खाली तारीख, सही. कोर्टात उभं केलं तरी मी ताठ मानेनं उभा राहीन.”

“कोर्टात कोण नेतंय तुला?”

कोरेनं केसपेपर पुन्हा उचलून पलंगावर आपटला. तो आणखी चिडला होता.

गाजुल डॉक्टरांनी सोलापूरच्या पूर्वभागात बेचाळीस वर्षं दवाखाना चालवला. सहा वर्षांपूर्वी शटर ओढलं ते ओढलंच. कोरे नवा डॉक्टर झाला तेव्हा दोन वर्षं त्यांच्या हाताखाली होता. नाडी कशी धरावी इथपासून पेशंटच्या सासूशी कसं बोलावं इथपर्यंत सगळं त्यांच्याकडूनच शिकला. आता त्याचा स्वतःचा दवाखाना होता, तीन गल्ल्या पलीकडं. काचेचा दरवाजा, नंबर पुकारणारं यंत्र आणि रोज सकाळी नव्वद पेशंट. गुरूला विसरला नव्हता. दिवाळीला पाया पडायला यायचा, आणि अडलं की एरवीही.

आज शुक्रवार होता, आणि त्याचं चांगलंच अडलं होतं.

झालं होतं ते असं. नरसम्मा बोद्दुल नावाची विड्या वळणारी बाई, वय सत्तेचाळीस, अकरा वर्षं त्याच्याकडं बी.पी.ची गोळी न्यायला यायची. मंगळवारी तिला धाप लागली. मुलानं मोठ्या हॉस्पिटलात नेली. दोन्ही किडन्या कामातून गेल्या होत्या. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिस, म्हणजे यंत्रातून रक्त धुऊन घ्यायचं, आणि ते जन्मभर.

तिथल्या किडनीच्या डॉक्टरनं मुलाला विचारलं, “अकरा वर्षांत हिची लघवी नीट कुणी तपासलीच नाही का?”

मुलानं तो प्रश्न जसाच्या तसा उचलला, कोरेच्या दवाखान्यात आणला आणि भरल्या बाकांपुढं त्याच्या तोंडावर फेकला. तेव्हापासून कोरेच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

“हे मोठ्या हॉस्पिटलातले लोक,” तो म्हणाला, “त्यांना काय जातंय विचारायला? चोर सोडून संन्याशाला फाशी. आजाराच्या सुरुवातीला बाई येते ती आमच्याकडं. सर्दीला आम्ही, खोकल्याला आम्ही, पोराच्या जुलाबाला आम्ही. आणि शेवटी बोट कुणाकडं? आमच्याकडंच.”

गाजुल डॉक्टर सोलत राहिले.

कोरे बोलत राहिला, आणि त्याचं सगळंच काही खोटं नव्हतं. किडनी बोंब मारत नाही. दात ठणकतो, पोटात कळ येते, किडनी मात्र निमूट मरते. पाऊण गेली तरी माणूस हिंडतो, फिरतो, लग्नात जेवतो. बाहेर कळतं तेव्हा करण्यासारखं फारसं उरलेलं नसतं. वेळेवर कळायचं तर लघवीत एक पट्टी बुडवावी लागते आणि रक्त तपासावं लागतं. पट्टीला एक मिनिट लागतं. त्या एका मिनिटापायी माणसं आयुष्यभर यंत्राला बांधली जातात, आणि कुणाला त्याची लाज वाटत नाही, असं कोरेचं म्हणणं होतं.

कोरेनं पट्ट्या आणल्या होत्या. भिंतीवर किडनीचं रंगीत चित्र लावलं होतं. मोबाइलवर सगळ्यांना संदेश पाठवले होते. वर्षअखेरीला त्यानं मोजदाद केली. बी.पी. आणि शुगरचे मिळून दोनशे चाळीस पेशंट. लघवी तपासून घेतलेले त्रेपन्न.

“बायका किती?” गाजुल डॉक्टरांनी विचारलं.

“सात.”

“विड्या वळणाऱ्या?”

“एक पण नाही. गेल्या वर्षी एकसुद्धा नाही, सर. तेच सांगतोय मी. सांगून सांगून जीभ झिजली. पालथ्या घड्यावर पाणी.”

त्यानं केसपेपर पुन्हा उचलला, भराभर पानं उलटली आणि एका ओळीवर बोट ठेवलं.

“आणि नरसम्मानं दिली होती एकदा. तीन वर्षांपूर्वी. हे बघा, मीच पट्टी लावली होती. स्वच्छ. काही म्हणजे काही नाही. आता स्वच्छ आली म्हटल्यावर मी काय करायला हवं होतं? मी काय ज्योतिषी आहे?”

गाजुल डॉक्टरांचे हात थांबले.

“ते तिचं नव्हतं.”

“काय?”

“काल भेटून आलो तिला. तिनंच सांगितलं.”

...

त्यांनी जे सांगितलं ते थोडक्यात असं होतं. नरसम्मानं त्या दिवशी पहाटे बाटली भरली. वर साबणाच्या पाण्यासारखा फेस आला. हलवून बघितलं, थांबून बघितलं, फेस बसेना. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. डॉक्टरसाब केवढे स्वच्छ माणूस, पांढऱ्या कोटातले, त्यांच्या हातात असलं कसं द्यायचं? तिनं ते मोरीत ओतलं, शेजारणीच्या पोरीकडून बाटली भरून घेतली आणि ती दवाखान्यात नेऊन दिली.

“मला म्हणाली, ‘चांगलं बघून दिलते की.’”

कोरे उठून उभा राहिला. पलंगापासून दारापर्यंत गेला, परत आला.

“फेस,” तो म्हणाला. “सर, फेस म्हणजेच तर तो आजार. किडनीतून प्रथिनं गळायला लागली की फेस येतो. जे मी अकरा वर्षं मागत होतो ते तिच्या हातात होतं आणि तिनं ते मोरीत ओतलं. आणि मला काय दिलं, तर शेजारच्या पोरीचं. ही फसवणूक आहे. डॉक्टरला फसवायचं, आणि मग डॉक्टरच्या नावानं शिमगा करायचा.”

त्याचा आवाज चिरकला. राग खरा होता. तीन रात्री त्याला धड झोप नव्हती, आणि डोळ्यापुढं सारखी नरसम्मा यायची, दर महिन्याला चपला बाहेर काढून आत येणारी, काचेच्या दाराला हात न लावता दुसऱ्यानं उघडेपर्यंत थांबणारी.

त्यानं सोबत आणलेलं वर्तमानपत्रात गुंडाळलेलं पुडकं सोडलं. आतून पांढरा बोर्ड निघाला, वर लाल अक्षरं.

‘लघवीचा रिपोर्ट असल्याशिवाय बी.पी. व शुगरची औषधे दिली जाणार नाहीत.’

“सोमवारी लावतोय. खाली तुमचं नाव घालायचं होतं. ‘डॉ. गाजुल यांच्या सूचनेवरून.’ माझ्याशी भांडतील लोक. तुमच्या शब्दापुढं पूर्वभागात कुणी जाणार नाही.”

बैल गेला आणि झोपा केला म्हणतात तो हा असा. पण हा झोपा निदान पुढच्या बैलांसाठी तरी होता, असं कोरेला मनापासून वाटत होतं.

गाजुल डॉक्टरांनी चष्मा लावला. बोर्ड वाचला. चष्मा काढला.

“आणि आणला नाही रिपोर्ट, तर?”

“तर गोळी नाही.”

“मग त्या काय करतील?”

“मेडिकलमधून घेतील, नाहीतर घेणार नाहीत. चार दिवस डोकं गरगरलं की अक्कल येईल. सरळ बोटानं तूप निघत नाही, सर.”

गाजुल डॉक्टरांनी अंगणाकडं पाहिलं. अंगणात लिंबाची दाट सावली होती आणि गल्लीतल्या आठनऊ बायका दुपारच्या त्या सावलीला विड्या वळायला येऊन बसत. त्यांनी दवाखाना चालवला तेव्हापासूनची ती रीत होती. प्रत्येकीच्या मांडीवर सूप, सुपात पानं आणि तंबाखू. बोलणं कमी, बोटं भराभर. सकाळपासून त्या घोटभर पाणी पिऊन बसलेल्या असत. पाणी प्यायलं की उठावं लागतं, उठलं की हजार विड्या पुऱ्या होत नाहीत.

“ती कडेची, हिरव्या लुगड्यातली. ओळखलंस?”

“पद्मा. नरसम्माची जाऊ.”

“तुझ्याकडंच येते?”

“पाच वर्षं. बी.पी. हिचाही रिपोर्ट नाही.”

“म्हणजे सोमवारी हिची गोळी बंद.”

कोरेनं पद्माकडं पुन्हा एकदा पाहिलं. मग म्हणाला, “हो. हिच्यासाठीच तर करतोय हे सगळं. हिची तरी किडनी वाचावी म्हणून.”

...

“नरसम्माच्या गुडघ्याला काय देत होतास?”

प्रश्न अचानक आला. कोरेनं केसपेपर हातात घेतला, पण उघडला नाही. त्याला पाठ होतं. दुखणं थांबवायची गोळी. त्या गोळीनं दुखणं थांबतं आणि वर्षानुवर्षं घेतली तर किडनीही झिजते, हे दोघांनाही माहीत होतं.

“दिवसभर मांडी घालून बसते, सर. रडायची. दिली.”

“किती दिवसांची?”

“पाच.”

“घेतली किती वर्षं?”

“...ते मी विचारलं नाही.”

गाजुल डॉक्टरांनी पुढची शेंग फोडली. ते रागावले असते तर बरं झालं असतं, असं कोरेला वाटलं.

“बरं, तुझ्या दवाखान्यात ती बाटली भरायची कुठं?”

“घरून आणायची की. पहाटेची. तीच चांगली.”

“घर बघितलंयस तिचं?”

बघितलं नव्हतं. गाजुल डॉक्टरांनी बघितलं होतं. एक खोली, सात बिऱ्हाडांत मिळून चाळीच्या टोकाला एक संडास, आणि तिथून परत येताना वाटेत नळ. नळावर सासऱ्याच्या वयाची माणसं आंघोळीला थांबलेली. त्यांच्यामधून बाईमाणसानं स्वतःचं पाणी बाटलीत घेऊन यायचं, ते दवाखाना उघडेपर्यंत घरात कुठंतरी ठेवायचं, मग पुन्हा भरल्या बाकांमधून नेऊन टेबलावर ठेवायचं.

“दवाखान्यात संडास आहे का नाही?” त्यांनी पुन्हा विचारलं.

“आहे.”

“उघडा असतो?”

“...कुलूप असतं. कंपनीवाल्यांनी दिलेल्या औषधांची खोकी ठेवलीत आत. सर, लोक घाण करतात. नव्वद पेशंट बघायचे का संडासाची किल्ली सांभाळायची? आम्ही डॉक्टर आहोत. लघवी मागायची, समजावून सांगायची, लिहून द्यायची, पट्टी लावायची, एवढं सगळं करून आता बाटली भरायला पण जागा आम्हीच द्यायची? मग पेशंटनं काही करायचंच नाही का?”

एवढं बोलून त्याला धाप लागली. कानशिलं लाल झाली होती.

गाजुल डॉक्टरांनी शेंगांची टोपली बाजूला सारली.

“नियम चांगला आहे. घाल माझं नाव.”

कोरेला कानावर विश्वास बसेना.

“खरंच?”

“खरंच. पण जो नियम लावतो त्यानं आधी पाळावा. हात पुढं कर.”

कोनाड्यातून त्यांनी जुनं पाऱ्याचं यंत्र काढलं. कोरेच्या दंडाला पट्टा गुंडाळला. फुगा दाबला. पारा वर चढला आणि हळूहळू उतरला. एवढा वेळ बायकांच्या सुपांची सळसळ तेवढी ऐकू येत होती.

“वरचं एकशे अडुसष्ट. खालचं एकशे चार. गोळी घेतोस?”

“घेतो. म्हणजे... राहते मधेमधे. या आठवड्यात कुठली सवड.”

“कधीपासून आहे?”

“चार वर्षं झाली. वडिलांनाही होतं.”

“लघवी कधी तपासलीस?”

...

“कॉलेजात असताना,” कोरे म्हणाला. तो एकेचाळीस वर्षांचा होता.

गाजुल डॉक्टरांनी कोनाड्यातून एक बाटली काढली. दवाखान्यातली राहिलेली, प्लास्टिकची, आरपार दिसणारी, पांढऱ्या झाकणाची. त्याच्या हातात दिली आणि हनुवटीनं अंगणापलीकडं खूण केली. संडास तिकडं होता. वाट लिंबाखालून, बायकांच्या मधून जात होती.

कोरेनं खिशातून रुमाल काढला आणि बाटलीवर टाकला.

गाजुल डॉक्टरांनी तळहात पुढं केला. हात तसाच राहिला. शेवटी कोरेनं रुमाल त्या हातावर ठेवला.

वीसेक पावलांची वाट होती. कोरे ती चालायला लागला. आपण डॉक्टर आहोत, रोज अशा बाटल्या हाताळतो, यात काय एवढं, असं तो मनाशी म्हणत होता. तरी बाटली कुठल्या हातात धरावी ते त्याला ठरवता येईना. मांडीलगत धरली, तर ती लपवल्यासारखी दिसत होती. पुढं धरली, तर दाखवल्यासारखी.

बायकांची बोटं थांबली. हसतील, असं त्याला वाटलं. कुणी हसलं नाही. बाटली दिसली तशा सगळ्याजणी माना खाली घालून सुपात बघायला लागल्या. पद्मानं त्याच्या वाटेतलं सूप ओढून घेतलं, पदर तोंडावर घेतला आणि भिंतीकडं वळून बसली, त्याला अवघड वाटू नये म्हणून. त्या हसल्या असत्या तर बरं झालं असतं. त्याचा चेहरा तापला, आणि या म्हाताऱ्याला ही काय अवदसा आठवली म्हणून संतापही आला.

संडासाचं दार लावून त्यानं कडी घातली. बाटली भरली.

वर फेस आला.

त्यानं बाटली उजेडात धरली. जोरात पडलं की फेस येतोच, तो मनात म्हणाला. सकाळपासून पाणी पोटात नाही. रात्रीची झोप नाही. नुसत्या फेसानं काही ठरत नाही, पट्टी लावल्याशिवाय बोलू नये. हे सगळं खरं होतं आणि हे सगळं तो रोज पेशंटना सांगायचा. तो थांबला. मिनिट झालं. दुसरं झालं. खिडकीतून येणाऱ्या उजेडात तो बारीक पांढरा थर तसाच होता. वडील आठवले. गेल्या वर्षभरात पाय सुजून संध्याकाळी घट्ट होणारे आपले बूट आठवले. घरी दोन मुली होत्या, थोरली दहावीला.

तो घाबरला. एवढा की त्याचं त्यालाच आश्चर्य वाटलं.

मग त्यानं बाटली तिरकी केली. सगळं ओतून टाकलं, वरून डबाभर पाणी ओतलं, नळाखाली बाटली दोनदा विसळली आणि झाकण घट्ट लावलं.

परत येताना बायकांनी माना वर केल्या नाहीत. पद्मा अजून भिंतीकडं तोंड करून बसली होती.

“झाली नाही, सर,” कोरे म्हणाला. “उद्या आणतो.”

गाजुल डॉक्टरांनी बाटली हातात घेतली. उजेडात धरून पाहिली. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब चिकटले होते. त्यांनी बाटली खाली ठेवली.

...

बोर्ड पलंगावर पडला होता, लाल अक्षरं वर करून. कोरेची नजर त्यावर गेली आणि तिथून हलेना. आता हे काय म्हणतील ते त्याला माहीत होतं. त्यानं ते ऐकायची तयारी केली. खरं म्हणजे त्याला ते ऐकायचंच होतं. या माणसानं आता दोन शब्द लागतील असे बोलावेत, म्हणजे आपल्याला चिडता येईल आणि चिडून निघून जाता येईल.

गाजुल डॉक्टर उठले. ऐंशीच्या घरातलं शरीर, गुडघ्यावर हात ठेवून उठावं लागलं. त्यांनी बोर्ड उचलून भिंतीला टेकवला आणि पलंगावर त्याला बसायला जागा केली. आत गेले. आले तेव्हा एका हातात पाण्यानं भरलेला तांब्या होता, दुसऱ्या हातात त्यांच्या स्वतःच्या बी.पी.च्या गोळ्यांचं पाकीट. त्यातली एक गोळी त्यांनी काढली आणि कोरेच्या तळहातावर ठेवली. रिकामी बाटली त्याच्याजवळ ठेवली. मग दाराच्या उंबऱ्यावर पाय पसरून बसले, बाहेर जायची वाटच अडली.

“उद्याचं उद्या बघू. ही गोळी आधी घे, मग तांब्या संपव सावकाश. घाई नाही, मी बसलोय.”